आपत्तीतून आलेले मूल आपल्या शाळेत: मुंबईच्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी

गावाकडे काही विपरीत घडले की कोकणातली आणि घाटावरची माणसे मुंबईकडे बघतात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि सिंदफणा यांच्या पुराने धाराशिव, बीड, सोलापूर भागात घरे, गोठे, उभी पिके बुडवली. अशा वेळी मोठी माणसे पंचनाम्यासाठी आणि राहिलेल्या गुरांसाठी गावात थांबतात, आणि लेकरांना मुंबईतल्या काकाकडे, मावशीकडे, आजीकडे धाडतात. मुंबईची स्वतःची संकटेही आहेतच. मिठीची पातळी वाढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली कुटुंबे हलवावी लागतात. जुलै २०२१ मध्ये एकाच रात्री चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड आणि भिंत कोसळून माणसे दगावली.

ही मुले शाळेच्या दारात येतात ती वर्षाच्या मध्येच. हातात जुनी शाळा सोडल्याचा दाखला नसतो, कधी दप्तरही नसते, आणि सोबतच्या माणसाला 'प्रवेश कोण देते' हेही माहीत नसते. अशा वेळी शाळेने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे इथे मांडले आहे. माझे ठाम म्हणणे असे: मूल ज्या दिवशी आले त्याच दिवशी वर्गात बसले पाहिजे, कागद मागाहून. आणि वर्गात बसल्यावर 'पूरग्रस्त' हे त्याचे नाव होऊ द्यायचे नाही.

१. आधी एक माणूस ठरवा

आपत्तीची बातमी आली की मूल येण्याची वाट न पाहता मुख्याध्यापकांनी एका शिक्षकावर ही जबाबदारी सोपवावी. शाळेत बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे, काम केलेले कोणी असेल तर फारच चांगले. अशा मुलांच्या घरी जाऊन बोलण्याची त्यांना सवय असते. कुटुंबाला पहिल्यांदा भेटणे, कागदांचा पाठपुरावा करणे आणि दर आठवड्याला मुलाची विचारपूस करणे ही तिन्ही कामे याच एका व्यक्तीने करावीत. कुटुंबाला आपली कहाणी चार टेबलांवर चार वेळा सांगावी लागू नये, यासाठी हे आहे.

याच दिवशी वॉचमन, शिपाई आणि क्लार्क यांनाही सांगून ठेवा. पुष्कळ कुटुंबे मुख्याध्यापकांपर्यंत पोचतच नाहीत. गेटवरच त्यांना 'प्रवेश बंद झालेत, जूनमध्ये या' असे ऐकायला मिळते. गेटवरच्या माणसाने एकच वाक्य बोलायचे: 'आत या, बसा, बाईंना बोलावतो.'

२. शाळा बदलायची गरज खरेच आहे का, ते विचारा

हा प्रश्न मुंबईतल्या मुंबईत हललेल्या कुटुंबांसाठी आहे. घर गेले, कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा लांबच्या पुनर्वसन वसाहतीत गेले, तरी जुनी शाळा जाग्यावर असते. तिथे मित्र आहेत, ओळखीच्या बाई आहेत. ज्याचे घरच गेले त्याच्याकडून शाळाही काढून घ्यायची का, याचा विचार आधी व्हावा. रेल्वे किंवा बेस्टचा विद्यार्थी पास, सोबत जाणारे एखादे मोठे भावंड आणि उशिरा येण्याची मुभा एवढ्यावर वर्ष पुरे होत असेल, तर मुलाला तिथेच राहू द्यावे. पाचवीच्या आतले मूल असेल आणि प्रवासाला गाड्या बदलाव्या लागत असतील, तर मात्र जवळची शाळाच बरी.

बाहेरगावहून आलेल्या कुटुंबाला वेगळे विचारावे लागते: किती दिवस राहणार? उत्तर बहुधा 'माहीत नाही' असेच येते आणि ते खरे असते. त्यावर 'मग कशाला नाव घालता' असे म्हणू नये. दीड महिन्यासाठी आलेल्या मुलालाही दीड महिना शिकण्याचा हक्क आहे.

माध्यमाचे लगेच बघा. मराठी माध्यमाचे मूल असेल तर मोठी सोय आहे, कारण बालभारतीची पुस्तके धाराशिवकडच्या परांड्यात आणि मुंबईच्या परळमध्ये सारखीच असतात. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, त्यामुळे परराज्यातून आलेल्या मुलालाही बऱ्याचदा स्वतःच्या माध्यमाची शाळा शोधून देता येते. नातेवाईक हौसेने 'आता मुंबईत आलाच आहे तर इंग्रजीत घाला' म्हणतात. त्यांना नम्रपणे थांबवा. एवढे हरवलेल्या मुलाची शिकण्याची भाषाही त्याच महिन्यात बदलणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

३. प्रवेश त्याच दिवशी

कायदा इथे शाळेच्या हाताशी आहे. मुख्याध्यापकांनी तो पाठच करून ठेवावा. शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वयोगटासाठी असे सांगतो:

कलम १५ – वर्ष सुरू झाले, मुदत संपली, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही.
कलम १४ – वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
कलम ५ – शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.
कलम ४ – मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवायचे.
कलम १३ – प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घ्यायची नाही.

नववी-दहावीची मुले या कायद्याच्या वयोगटात बसत नाहीत. पण दाखल्याअभावी त्यांचाही प्रवेश अडवू नये, असे राज्य शासनाने २०२१ मध्ये शाळांना कळवले आहे. आधार कार्डाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले.

जगात इतरत्रही हाच धडा शिकला गेला. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळाने सुमारे ३ लाख ७० हजार विद्यार्थी विस्थापित केले. तिथल्या बेघर मुलांसाठीच्या कायद्यात 'आधी वर्गात घ्या, कागद नंतर मागवा' ही तरतूद आधीपासून होती, म्हणून ह्यूस्टनसारख्या शहरांतल्या शाळांना त्यांना लगेच वर्गात घेता आले.

मुलाला घेऊन आलेल्या बाईंना साध्या शब्दांत सांगा: 'ताई, कागदांचं आपण बघू. ह्याला आज वर्गात बसवूया. डबा नसेल तर काळजी करू नका, इथे जेवण मिळतं.' शालेय पोषण आहार पहिल्या दिवसापासूनच द्यायचा. शासनाच्या पोर्टलवर पट जुळत नाही म्हणून ताट अडवू नये. योजनेप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जणांत आलेल्या मुलासाठी दिवसातले भरपेट जेवण कदाचित हेच असेल.

प्रवेश झाल्याचे कळवायचे ठिकाण शाळेप्रमाणे वेगळे. प्राथमिक शाळांसाठी महापालिकेचे शिक्षण खाते, माध्यमिकसाठी आपापल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक (बृहन्मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी तीन कार्यालये आहेत). एक साधे पत्र पाठवा आणि पोच घ्या. परवानगीची वाट बघत मूल घरी बसवू नका.

४. कागद: सावकाश, पण चोख

घाई प्रवेशात करावी, नोंदीत करू नये. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची कायमची नोंदवही, तिच्यातली नोंद आपल्याकडे माणसाला जन्मभर पुरते. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात यातले एक अक्षर चुकले तरी पुढे जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, पेन्शनपर्यंत ते मूल कचेऱ्यांचे खेटे घालत राहते. आणि आपत्तीनंतर माहिती सांगणारा असतो काका किंवा आजी. त्यांना तारीख अंदाजाने आठवते, आडनावाचे स्पेलिंग ठाऊक नसते.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या दिवशी मुलाचे नाव हजेरीपटावर घ्या आणि एक साधी वही 'तात्पुरता प्रवेश' म्हणून ठेवा. तीत सोबतच्या व्यक्तीने सांगितलेली माहिती आणि सहीचे स्वयंघोषणापत्र लावा. जनरल रजिस्टरमध्ये नोंद करायची ती जुन्या शाळेची माहिती हाती आल्यावर. जातीचा रकाना तर कधीही ऐकीव माहितीवर भरू नये.

जुन्या शाळेची माहिती मिळवायची ती अशी. आधी मुलालाच विचारा: शाळेचे नाव काय, गाव कोणते, बाईंचे किंवा गुरुजींचे नाव काय, वर्गात किती मुले होती. मुले हे अचूक सांगतात आणि सांगताना थोडी खुलतातही. गाव कळले की यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या केंद्रीय पोर्टलवर शाळेचा क्रमांक सापडतो. जुन्या शाळेला फोन करा. पुरात शाळा बुडालेली असेल, रजिस्टरे भिजलेली असतील, तरी सरल या राज्याच्या पोर्टलवर आणि यूडायस प्लसवर मुलाची नोंद शाबूत असते. आपल्या शाळेकडून पोर्टलवर बदलीची विनंती पाठवा आणि जुन्या मुख्याध्यापकांना, ते शक्य नसेल तर तिथल्या केंद्रप्रमुखांना किंवा तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, ती मंजूर करायला सांगा. विनंती पाठवताना फोनवर दोन शब्द बोला. समोरचे मुख्याध्यापकही त्याच पुरातून बाहेर पडत असतात.

हरवलेल्या इतर कागदांसाठी कुटुंबाला एका कागदावर यादी करून द्या. जन्मदाखला ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून पुन्हा मिळतो. तो नसेल तर अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद वयाचा पुरावा म्हणून चालते. आधार क्रमांक माहीत असेल तर ई-आधार काढता येते. जात व उत्पन्नाचे दाखले 'आपले सरकार'वरून काढलेले असतील तर तिथे सापडतात. ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही, त्यांचे काम शाळेच्या कॉम्प्युटरवर करून द्या.

दहावीच्या मुलांचे प्रकरण तातडीचे. चिपळूणचे मूल कोकण विभागीय मंडळाचे, महाडचे मुंबईचे, धाराशिवचे लातूरचे, सोलापूरचे पुण्याचे. परीक्षेचा फॉर्म जुन्या शाळेतून भरला गेला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. भरला असेल तर केंद्र बदलायचे की परीक्षेपुरते गावी जायचे, हे विभागीय मंडळाशी बोलून ठरवा आणि लेखी घ्या. टंचाई किंवा अतिवृष्टीसाठी शासनाने जाहीर केलेल्या सवलतींत परीक्षा शुल्क माफीचा समावेश असतो. मुलाचे गाव त्या यादीत असेल तर तो लाभ मागून घ्यावा, भरलेल्या पैशाचा परतावाही.

५. सोबत कोण आहे?

प्रवेशाच्या वेळी हळूच, मुलाला बाजूला खेळायला बसवून, हे विचारून घ्या: आईवडील कुठे आहेत, मूल कोणाजवळ राहते, न्यायला कोण येणार, रात्री फोन कोणाला करायचा. नावे लिहून ठेवा. त्या दोन-तीन माणसांखेरीज कोणाच्याही हाती मूल सोपवू नये. आपत्तीनंतरच्या गोंधळात मुले पळवली जाण्याचा, कामाला लावली जाण्याचा धोका खराच असतो, आणि मुंबईत तर फारच.

आईवडील गेले असतील आणि मूल नातेवाइकांकडे असेल, तर त्या कुटुंबाला बाल संगोपन योजनेची माहिती द्या. राज्य सरकारच्या या योजनेत अशा मुलाच्या सांभाळासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. शाळेच्या बोनाफाईडशिवाय (मूल इथे शिकते असे प्रमाणपत्र) तो अर्ज पुढे जात नाही, म्हणून बोनाफाईड मागताक्षणी द्या.

मूल कोणाचेच नाही, किंवा सोबतच्या माणसाचे नाते पटत नाही, असे वाटले तर चौकशी स्वतः करत बसू नका. १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कोणाच्याही देखरेखीशिवाय सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. शहर जिल्ह्यासाठी ती डोंगरीला बसते, उपनगरासाठी मानखुर्दला.

६. पहिला दिवस

मुलाला नेऊन थेट वर्गाच्या दारात उभे करू नये. आधी वर्गशिक्षिकेने त्याला ऑफिसात भेटावे, नाव विचारावे, घरी काय म्हणतात ते विचारावे, मग शाळा दाखवावी. सगळ्यात आधी स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी. हे सांगायचे राहते आणि मूल लाजेने दिवसभर थांबून राहते. बाहेर पडायचा दरवाजा, जिना, बाईंची खुर्ची कुठे असते, हेही दाखवा. जिथून मूल आले आहे तिथे त्याने पळायला वाट शोधली असेल. त्याला वाट आधी दाखवलेली बरी.

मूल आत येण्याआधी वर्गाशी बोलून घ्या, अगदी थोडक्यात: 'आजपासून आपल्या वर्गात एक मुलगी येणार आहे. ती परांड्याहून आली आहे. तिथे पूर आला होता. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, आपण विचारायचं नाही. आपण तिला काय काय दाखवू शकतो?' शेवटचा प्रश्न मुलांना काम देतो. मग मुलेच ठरवतात की डबा कुठे बसून खायचा आणि कबड्डीत कुणाच्या संघात घ्यायचे.

सोबती म्हणून एक मूल नेमा. वर्गातले सगळ्यात हुशार मूल नको, मॉनिटरही नको. ज्याला गप्प बसता येते असे निवडा. शक्य असेल तर त्याच भागातून आलेले एखादे. मुंबईच्या मराठी शाळांत सातारा, बीड, रत्नागिरी, जळगाव सगळीकडची मुले असतात.

बोलीवरून हसणे पहिल्याच दिवशी थांबवा. लातूरकडचे मूल 'यायलोय, जायलोय' म्हणाले की वर्गात खसखस पिकते, आणि मग ते मूल बोलणेच बंद करते. बाईंनी त्याच क्षणी त्या मुलाला आणखी बोलते करावे आणि पूर्ण लक्ष देऊन ऐकावे. वर्ग बाईंकडे बघून शिकतो.

स्वागत जाहीर करावे की नाही? एखाद-दुसरे मूल असेल तर अजिबात करू नये. पुष्कळ मुले एकदम आली तर गोष्ट वेगळी. केरळात जुलै २०२४ च्या वायनाडच्या भूस्खलनात वेल्लारमला आणि मुंडक्कै इथल्या शाळा वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत, तेव्हा २ सप्टेंबर २०२४ रोजी मेप्पाडीत त्या मुलांसाठी पुन्हा प्रवेशोत्सव केला गेला. मुले बसमधून एकत्र आली आणि आपल्याच शिक्षकांकडे, आपल्याच वर्गसोबत्यांबरोबर बसली. मला यात सगळ्यात शहाणपणाचे वाटते ते हे एकत्र ठेवणे. एका गावची चार मुले आली असतील तर त्यांना चार तुकड्यांत वाटून टाकू नका, पटाचे गणित काहीही असो. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली, तीही एकत्रच राहून शिकली.

७. निबंध, फोटो आणि मदत

'पूरग्रस्ताचे मनोगत', 'मी पाहिलेला पूर', 'नदीचे आत्मवृत्त'. आपल्या मराठीच्या तासाला हे विषय वर्षानुवर्षे चालत आले आहेत. या वर्गात यंदा ते बाजूला ठेवा, प्रश्नपत्रिकेतही पर्याय द्या. भूगोलात पूर आणि दरडींचा धडा आला तर आदल्या दिवशी मुलाला सांगा, 'उद्या हा धडा आहे, तुला त्या वेळी लायब्ररीत बसायचं असेल तर बस.' काही मुले बसतात. काही उलट वर्गात थांबतात आणि नदीचे पात्र कसे बदलले हे फळ्यावर काढून दाखवतात. निवड त्यांची.

मुलाने आपणहून सांगायला सुरुवात केली तर हातातले काम सोडून ऐका. खोदून विचारू नका, 'विसरून जा' म्हणू नका, 'देवाच्या दयेने तू वाचलास' तर नकोच. ज्याचा भाऊ वाचला नाही त्याला ते वाक्य फार लागते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा आश्रमशाळेत शिकायला गेलेली मुले वाचली आणि घरची माणसे गेली. अशा मुलांनी डोळ्यांनी काही पाहिलेले नसते, तरी 'मी तिथे का नव्हतो' हा प्रश्न ती मनात घेऊन फिरतात.

फोटोंबद्दल मी कठोर आहे. दप्तर देतानाचा फोटो, गणवेश देतानाचा फोटो, हार घालून स्वागत, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावासकट बातमी, हे काहीही करू नका. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. कायदा नसता तरी चौदा वर्षांच्या मुलीला मदत स्वीकारतानाचा आपला फोटो शाळाभर फिरलेला बघवत नाही.

मदत द्यायची ती शाळा सुटल्यावर, ऑफिसात, घरच्या माणसाच्या हाती. महापालिकेच्या शाळेत २७ शालोपयोगी वस्तू मोफत मिळतात. मधेच आलेल्या मुलासाठी शिल्लक साठ्यातून त्या मिळवाव्यात. खासगी शाळेत पालकांकडून गोळा करताना वापरलेले गणवेश धुऊन, इस्त्री करून, मापाचे द्या. तोवर साध्या कपड्यांत बसू द्या आणि परिपाठाला रांगेतून बाहेर काढू नका. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅडची सोय बाईंनी न विचारता करावी.

८. मुंबईचा पाऊस

पुरातून किंवा दरडीतून आलेल्या मुलाला आपण अशा शहरात आणले आहे जिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. जुन्या शिक्षकांना ती रात्र आठवते, म्हणूनच ही गोष्ट मुंबईच्या शाळांना इतरांपेक्षा चांगली समजावी.

पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मूल कान झाकते, खिडकीशी जाऊन बसते, पोट दुखते म्हणते, घरी जायचे म्हणते. ओरडून भागत नाही आणि समजुतीच्या लंब्याचवड्या गोष्टींनीही नाही. त्याला माहिती द्या. आपली शाळा कितव्या मजल्यापर्यंत आहे, या गल्लीत पाणी कुठवर येते, पाणी वाढले तर आपण काय करतो, न्यायला कोण येईल, ते येईपर्यंत कोणत्या बाई थांबतील. हवामान खात्याचा पिवळा, नारंगी आणि लाल इशारा म्हणजे काय ते समजावा. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी वर्गात लावा आणि वाचायला शिकवा. ज्याला पाणी कधी येणार हे कळते, त्याची भीती थोडी आटोक्यात राहते.

आपत्ती व्यवस्थापनाचे मॉक ड्रिल असेल तर या मुलाला आणि घरच्यांना आदल्या दिवशी सांगा. अचानक वाजलेली घंटा आणि धावणारी मुले पाहून ते खरेच समजेल. लाल इशाऱ्यामुळे शाळा लवकर सुटली तर वर्ग सोडण्याआधी या मुलाच्या घरी फोन लागला आहे ना, हे जबाबदार शिक्षकाने बघावे. शहरात अडचण आली तर महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६.

भीतीखेरीज आणखी खुणा दिसतात: अंथरूण ओले होणे, सतत झोप येणे, चिडून मारामारी, अभ्यासात लक्ष न लागणे, सगळ्यांना खूश ठेवण्याची धडपड. शेवटची खूण 'किती गुणी मूल' म्हणून आपल्या नजरेतून सुटते. पहिले काही आठवडे या गोष्टी स्वाभाविक आहेत. ठरलेले वेळापत्रक, खेळ आणि ओळखीची माणसे एवढ्याने बहुतेक मुले सावरतात. महिना उलटूनही कमी होत नसतील, मूल जेवत-झोपत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. घरच्यांना 'वेडाच्या डॉक्टरकडे पाठवतायत' असे वाटू नये म्हणून पहिल्यांदा शिक्षकाने सोबत जावे.

९. अभ्यास

पहिले दोन आठवडे चाचणी नको. मग वह्या नसताना, गप्पांतून, जुन्या शाळेत कुठला धडा चालू होता ते काढा. पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात, पण मोबाइलवर पुस्तक वाचायला लावू नका. शाळेच्या पुस्तकपेढीतून छापील संच द्या.

दिवाळीच्या आधी आलेल्या मुलाला प्रथम सत्राच्या परीक्षेत न शिकलेल्या भागावर गुण गमावू देऊ नका. जितके शिकवले तितक्यावर त्याचे मूल्यमापन करा. दीर्घकाळ शाळा बुडाली असेल तर कलम ४ प्रमाणे विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क आहे. नियमांत त्याची मुदत किमान तीन महिन्यांची आहे. मात्र तेही वर्गाच्या वेळेत मुलाला कायमचे वेगळे बसवून करू नये.

गृहपाठाआधी विचारा की घरी बसायला जागा आहे का. बहुतेकदा नसते. शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवला तर या मुलाचा प्रश्न सुटतो आणि चाळीतल्या-झोपडपट्टीतल्या इतर मुलांचाही. त्यामुळे तो 'त्यांच्यासाठीचा' वर्ग ठरत नाही.

१०. शाळाच निवारा झाली तर

महापालिका पावसाळ्यात प्रत्येक वॉर्डात काही शाळा तात्पुरते निवारे म्हणून ठरवते. तेव्हा वर्गात माणसे झोपतात आणि शाळा बंद पडते. शक्य तिथे एक मजला किंवा निदान दोन खोल्या वर्गासाठी राखून ठेवण्याबद्दल वॉर्ड ऑफिसशी जूनमध्येच बोलून घ्या, ऐनवेळी कोणी ऐकत नाही. निवाऱ्यातल्या मुलांसाठी त्याच दिवशी दोन तास काहीतरी चालू करा: गोष्ट, चित्रे, पाढे, लगोरी. शाळेतली मुले परत आल्यावर 'यांच्यामुळे आमची शाळा बंद होती' अशी कुजबुज होते. त्यांना खरे कारण शिक्षकांनी आधीच सांगावे.

११. परत जाताना

पुष्कळ कुटुंबे रब्बीच्या पेरणीला, घरकुलाचा हप्ता मिळाला की, किंवा मे महिन्यात परत जातात. निघायचे कळले की त्याच दिवशी दाखला तयार करा. त्यासोबत एक पानाचे पत्र पुढच्या शिक्षकांसाठी द्या: कोणत्या धड्यापर्यंत झाले, काय चांगले जमते, कशाची भीती वाटते, आपला फोन नंबर काय. पुस्तके, दप्तर, छत्री परत मागू नका. वर्गाला निरोप द्यायला एक तास मिळू द्या, कारण हे मूल मागच्या गावातून कोणाचाही निरोप न घेता आले होते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक दिले जाते. कुटुंब गावी न जाता कामासाठी तिसरीकडे जाणार असेल तर तेही भरून द्या.

दाखला दिला म्हणजे काम झाले, असे समजू नये. पोर्टलवर पुढच्या शाळेने मूल स्वीकारल्याचे दिसेपर्यंत दर आठवड्याला तपासा. पंधरा दिवसांत दिसले नाही तर आधी घरच्यांना फोन करा, मग त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, आणि तोवर तात्पुरत्या प्रवेशाच्या वहीतले ते पान उघडेच ठेवा.